गौलीगुड्याची इंग्रजी

हैदराबादेत मूसी नदीच्या उत्तर काठाला, अफझलगंज, पुतलीबावली आणि सुलतान बाजार यांच्या मधोमध गौलीगुडा वसलेला आहे. या वस्तीची ओळख अनेक वर्षे एका लोखंडी छपराशी जोडलेली होती. १९३०च्या सुमारास अमेरिकेहून आणलेला, कमानीसारख्या पत्र्याचा तो अवाढव्य सांगाडा ‘मिसिसिपी हँगर’ या नावाने ओळखला जाई. १९३२ साली निजामाच्या रेल्वेने रस्ता वाहतुकीचा स्वतंत्र विभाग सुरू केला. त्या वेळी विभागाकडे २७ बसगाड्या आणि १६६ कर्मचारी होते. विमानांसाठी आलेल्या या छपराखाली मग बसगाड्या उभ्या राहू लागल्या आणि गौलीगुडा हे हैदराबाद संस्थानाचे मुख्य बस स्थानक झाले. इथून एका बाजूला विजयवाडा-कर्नूलकडे, तर दुसऱ्या बाजूला बिदर, उदगीर, नांदेडकडे गाड्या सुटत.

या स्थानकाच्या खिडकीपाशी रोज एक गोष्ट घडे आणि तिची नोंद कोणत्याही दप्तरात होत नसे. नांदेडचा मराठी शेतकरी ‘तिकीट’ मागे, नलगोंड्याची तेलुगू बाई ‘टिक्कट्टु’ म्हणे, जुन्या शहरातला दखनी बोलणारा माणूस ‘टिकट’ म्हणे. खिडकीमागच्या माणसाला तिन्ही कळत आणि तो तिघांना सारखाच कागद देई. या तिघांपैकी कोणीही शब्दाचा मूळ इंग्रजी उच्चार करत नव्हते, तरी तिघांचा व्यवहार बिनचूक होई. हे तीन उच्चार तीन चुका आहेत, असे शाळेत शिकवले गेले. इतिहास मात्र वेगळे सांगतो. शब्द कोणी, कोणाकडून आणि कसा घेतला, हे उच्चारातच नोंदलेले असते. ही नोंद वाचायला गौलीगुड्यासारखी जागा दख्खनमध्ये क्वचितच सापडेल.

त्याचे कारण वस्तीच्या घडणीत आहे. गौलीगुड्यापासून पायी काही मिनिटांवर ब्रिटिश रेसिडेन्सी उभी आहे. जेम्स अकिलिस कर्कपॅट्रिक हा १७९८ ते १८०५ या काळात हैदराबादचा रेसिडेंट होता आणि ही भव्य इमारत त्याच्याच काळात उभी राहू लागली. रेसिडेन्सीभोवती जो बाजार वाढला त्यावर निजामाचा नव्हे, ब्रिटिशांचा अंमल चाले. गुजराती, मारवाडी आणि मराठी सावकार, व्यापारी, वकील तिथे येऊन राहिले. १९३३ साली हा भाग निजामाकडे परत आला आणि रेसिडेन्सी बाजाराचा सुलतान बाजार झाला. वस्तीत तेलुगू भाषक होतेच. दरबाराची आणि बाजाराची बोली दखनी उर्दू होती. १८३२च्या सुमारास रणजितसिंहाच्या लाहोरहून आलेल्या शीख पलटणीमुळे पंजाबीही आली. गौलीगुड्याचा गुरुद्वारा त्या परंपरेची आठवण आहे. एका इंग्रजी शब्दाला इथे एकाच गल्लीत चार मातृभाषा भेटत.

इंग्रजीच्या आधी इथे फ्रेंच आली होती. मिशेल रेमाँ हा फ्रेंच सेनानी निजाम अलीच्या चाकरीत होता. तोफा ओतण्यासाठी १७८६ साली त्याने उभारलेला कारखाना आजही ‘गनफौंड्री’ या नावाने मोहल्ल्याच्या रूपात टिकून आहे. रेमाँ १७९८ साली वारला. त्याच्या नावाची हैदराबादी कहाणी प्रसिद्ध आहे. ‘मोस्यू रेमाँ’ हे नाव कानाने ऐकलेल्या लोकांनी त्याचे ‘मूसा राम’ केले, कोणी ‘मूसा रहीम’ केले, आणि त्याच्या समाधीजवळचा भाग मूसारामबाग झाला. फ्रेंच अक्षरे कोणी पाहिली नव्हती. ऐकलेला ध्वनी आपल्या ओळखीच्या नावात बसवायचा, एवढेच लोकांनी केले.

मराठ्यांनीही हेच केले होते. पहिल्या इंग्रज-मराठा युद्धात, जानेवारी १७७९ मध्ये, कॅप्टन जेम्स स्टुअर्ट कार्ल्याजवळ मारला गेला. त्याचे शौर्य शत्रूलाही भावले आणि मराठी मुलखात तो ‘इष्टुर फाकडा’ म्हणून अमर झाला. ‘स्टुअर्ट’चा ‘इष्टुर’ हा उच्चार कुणा इंग्रजी शाळेत शिकलेल्या माणसाचा नव्हे. तो लष्करी छावणीत, कानाने टिपलेला उच्चार आहे. लॉर्डचा ‘लाट’, रिक्रूटचा ‘रंगरूट’ आणि बॉटलची ‘बाटली’ याच वाटेने आले. यांना कानाचे शब्द म्हणावे.

कानाचे शब्द कधी कधी मूळ भाषेतला जुना उच्चार सांभाळून ठेवतात, ही त्यांची मोठी देणगी. मराठीत जुनी पिढी ‘क्लार्क’ म्हणते, नवी पिढी ‘क्लर्क’. ‘क्लार्क’ हा ब्रिटिश उच्चार आहे. अक्षरांकडे पाहून कोणीही तो ओळखू शकणार नाही. तो साहेबाच्या तोंडून ऐकूनच आला. ‘सार्जंट’चेही तसेच. अमेरिकेत मात्र क्लार्कचा ‘क्लर्क’ झाला, कारण तिथे स्पेलिंगचा जोर जास्त पडला. ‘कर्नल’ हा तर खुद्द इंग्रजांच्या गोंधळाचा नमुना आहे. या शब्दाचे स्पेलिंग इटालियन वळणाचे, त्यात ‘ल’ आहे; उच्चार मात्र जुन्या फ्रेंच ‘कोरोनेल’वरून आलेला, म्हणून ‘र’. मराठी माणसाने कर्नल म्हटले ते बरोबरच, कारण त्याने अक्षरे पाहिली नव्हती.

‘र’चा मुद्दा आणखी महत्त्वाचा आहे. भारतीय माणूस ‘कार’, ‘डॉक्टर’, ‘मोटार’ या शब्दांतला शेवटचा ‘र’ ठसठशीत उच्चारतो आणि लंडनचा माणूस तो गिळतो. पण दक्षिण इंग्लंडमध्ये हा ‘र’ गळू लागला तो मुख्यतः अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून. स्कॉटलंड आणि आयर्लंडमध्ये तो आजही आहे. आणि दख्खनला इंग्रजी ऐकवणाऱ्यांत स्कॉटिश माणसे किती होती, पाहा. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन, जॉन माल्कम, थॉमस मन्रो हे राज्यकर्ते स्कॉटिश होते. मुंबईचे मिशनरी जॉन विल्सन आणि नागपूरचे स्टीफन हिस्लॉपही स्कॉटिशच. भारतीय ‘र’ला स्पेलिंगचा आधार आहे हे खरे, पण त्यामागे या स्कॉटिश जिभांचाही वाटा असणे स्वाभाविक आहे.

आता गौलीगुड्याच्या चार भाषा एकाच शब्दाचे काय करतात ते पाहण्याजोगे आहे. शब्द घेऊ ‘स्टेशन’. सुरुवातीलाच ‘स’ आणि ‘ट’ एकत्र आले की दखनी बोलणारा आधी एक ‘इ’ लावतो आणि ‘इस्टेशन’ म्हणतो. शाळेचे ‘इस्कूल’ होते. पंजाबी माणूस स्वर मध्ये घालतो: ‘सटेशन’, ‘सकूल’. तेलुगू बोलणारा शब्दाच्या शेवटी स्वर जोडतो, कारण अस्सल तेलुगू शब्द स्वरान्त असतात. म्हणून ‘स्टेशनु’, ‘बस्सु’, ‘कारु’, ‘रोड्डु’, ‘रैलु’. शिकलेला मराठी माणूस ‘स्टेशन’ सरळ म्हणतो, कारण स्नान, स्पष्ट, स्थान हे शब्द त्याच्या तोंडात आधीच बसलेले असतात. आणि खेड्यातला मराठी माणूस म्हणतो ‘ठेसन’.

या ‘ठेसन’ला शहरात फार हसतात. ते हसणे अज्ञानाचे आहे. संस्कृत ‘स्थान’ शब्दाचे मराठीत ‘ठाणे’ झाले. ‘स’ गेला आणि पुढे ‘ठ’ उरला. संस्कृतापासून प्राकृत आणि प्राकृतातून मराठी घडताना हाच नियम चालला होता. फार पूर्वी ज्या नियमाने स्थानाचे ठाणे झाले, त्याच वळणाने एकोणिसाव्या शतकात रेल्वे आल्यावर स्टेशनचे ‘ठेसन’ झाले. ज्याला अडाण्याचा उच्चार म्हणून हिणवले गेले, त्याच्यात मराठीची सर्वांत जुनी रीत जिवंत होती.

गौलीगुड्याच्या शेजारीच उस्मानिया इस्पितळ आहे. या एका संस्थेला तीन भाषांत तीन नावे आहेत आणि तिन्हींचा मूळ शब्द एकच. मराठी ‘इस्पितळ’ पोर्तुगीज वाटेने कोकण-गोव्याकडून वर आले. उर्दूत ‘अस्पताल’ झाले. तेलुगूत ‘आसुपत्रि’. एकाच खाटेवरच्या रोग्याला भेटायला आलेली तीन घरची माणसे टांगेवाल्याला हे तीन शब्द सांगत आणि टांगा एकाच दारापाशी थांबे. ‘डझन’चेही असेच. मराठीतला ‘झ’ इंग्रजी ध्वनीच्या अगदी जवळ जातो, म्हणून मराठीत ‘डझन’ झाला. उर्दूने त्याचे ‘दर्जन’ केले, तेलुगूने ‘डजनु’. तेलुगूत तो ‘झ’सारखा ध्वनी नसल्याने तिथे ‘ज’ येतो. गौलीगुड्याच्या बसगाड्यांच्या क्रमांकातच याचे उदाहरण होते. परिवहनाच्या गाड्यांच्या क्रमांकपाटीवर रोमन वर्णमालेचे शेवटचे अक्षर असते आणि ते सातव्या निजामाच्या आईच्या, झेहरा बेगमच्या नावावरून ठेवले, अशी आख्यायिका हैदराबादेत घरोघर सांगतात. ते अक्षर मराठी माणूस ‘झेड’ वाचतो, तेलुगू माणूस ‘जेड’, आणि अमेरिकेहून सुटीला आलेला नातू ‘झी’.

‘कॉलेज’ हा आणखी एक मजेदार शब्द आहे. दखनीत ‘कालेज’, तेलुगूत ‘कालेजी’, मराठीत ‘कॉलेज’. मराठीतला ‘ऑ’ मात्र फार जुना नाही. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या मराठी छपाईत ‘कालेज’, ‘आफिस’, ‘ब्यांक’, ‘म्यानेजर’ असेच शब्द दिसतात. अर्धचंद्राची खूण रुळली तसे ‘बँक’, ‘ऑफिस’ आले आणि २००९ साली महाराष्ट्र शासनाने ‘ॲ’ आणि ‘ऑ’ यांना वर्णमालेत अधिकृत जागा दिली. तेलुगू लिपीत अशी खूण नसल्याने तिथे आजही ‘ब्यांकु’ लिहितात, म्हणजे जुन्या मराठीसारखेच. सुलतान बाजारातल्या एखाद्या बँकेची तेलुगू पाटी वाचताना मराठी माणसाला आपल्या पणजोबांच्या वर्तमानपत्राचे वळण भेटते.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. दखनी माणूस इंग्रजी शब्द वाकवतो तो इंग्रजी येत नाही म्हणून, असे मानले जाते. पण हाच दखनी माणूस आपल्या दरबाराच्या अरबी-फारसी शब्दांनाही तसाच वाकवतो. ज्या कुतुबशाहीने हे शहर १५९१ साली वसवले, तिचे नाव हैदराबादी तोंडात ‘खुतुबशाही’ होते. घशातल्या ‘क’चा तिथे ‘ख’ होतो. प्रत्येक भाषेला आपले ध्वनी असतात आणि परका शब्द, मग तो अरबस्तानातला असो की लंडनचा, त्या ध्वनींच्या साच्यातूनच आत येतो. दखनीने तर या शब्दांना आपले अनेकवचनही दिले: ‘बसां’, ‘टिकटां’, ‘मोटरां’. तेलुगूने ‘बस्सुलु’ केले. मराठीने मात्र ‘बसेस’ म्हणत इंग्रजीचे अनेकवचन जसेच्या तसे उचलले. म्हणजे परक्या शब्दाला पूर्णपणे घरचे करण्यात इथे दखनी आणि तेलुगू मराठीच्या एक पाऊल पुढे आहेत.

बसगाडीने हे शब्द खेडोपाडी नेले. हैदराबाद संस्थानात १९५१ च्या सुमारास साधारण चौथाई लोक मराठी भाषक होते. औरंगाबाद, परभणी, बीड, नांदेड आणि उस्मानाबाद हे पाच जिल्हे त्याच राज्याचे होते. या भागातल्या माणसाच्या कानावर इंग्रजी शब्द पुण्या-मुंबईहून कमी आणि हैदराबादहून जास्त आले. शिवाय १८८४च्या सुमारास संस्थानाच्या कारभारात फारसीची जागा उर्दूने घेतली होती. कचेरी, न्यायालय, शाळा, पोलीस ठाणे सगळीकडे उर्दू होती. त्यामुळे मराठवाड्यातल्या मराठी माणसाने कितीतरी इंग्रजी शब्द उर्दूच्या हातून घेतले. पुण्याचा माणूस पोलिसांत तक्रार नोंदवी, तर मराठवाड्याचा माणूस ‘रपट’ देई. ‘रपट’ म्हणजे ‘रिपोर्ट’च, पण उर्दूचे कपडे घातलेला.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली आणि हे पाच जिल्हे मुंबई राज्यात गेले. त्यांची बस वाहतूकही गौलीगुड्यापासून तुटली. महाराष्ट्रात १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली राज्य परिवहन गाडी धावली होती आणि ‘एस.टी.’ ही दोन अक्षरे खेड्यांत ‘यष्टी’ होऊन बसली होती. आता मराठवाड्यातही यष्टी आली. दोन-तीन पिढ्यांत निजामाच्या काळातली उच्चारपद्धती मागे पडली. सीमेलगतच्या देगलूर, उदगीर, उमरगा या भागांत मात्र तिच्या खुणा अजून ऐकू येतात.

या सगळ्या कानाच्या शब्दांशेजारी दुसरी एक इंग्रजी वाढत होती. ती डोळ्यांनी शिकलेली होती. हैदराबादेत १८३४ साली सेंट जॉर्जेस ग्रामर स्कूल सुरू झाले, १८८७ साली निझाम कॉलेज उभे राहिले. केशवराव कोरटकर आणि वामनराव नाईक यांच्या पिढीने १९०७ साली विवेक वर्धिनी ही मराठी मुलांची शाळा सुरू केली. गौलीगुड्याजवळच्या जांबागेतली ही शाळा पुढे महाविद्यालयापर्यंत वाढली आणि हैदराबादच्या मराठी समाजाचे शैक्षणिक केंद्र ठरली. मराठी मुलगा तिथे मराठीबरोबर इंग्रजी शिके. पण इंग्रजी बोलणारा इंग्रज त्याला भेटत नसे. त्याच्यासमोर पुस्तक असे. मराठी घरांत इंग्रजीसाठी पिढ्यान्‌पिढ्या वापरलेले पुस्तक म्हणजे द्वारकानाथ राघोबा तर्खडकर यांची भाषांतर पाठमाला. तिने व्याकरण आणि वाक्यरचना पक्की करून दिली. ध्वनी देणे हे पुस्तकाचे कामच नव्हते.

म्हणून डोळ्यांचे शब्द निराळे झाले. नागरी लिपीत जे लिहिले ते बोलायचे, ही सवय असलेल्या विद्यार्थ्याने इंग्रजीही तशीच वाचली. ‘प्लंबर’मधला ‘ब’ इंग्रज उच्चारत नाही. मराठी माणूस उच्चारतो. ‘ओव्हन’ला इंग्रज ‘अव्हन’ म्हणतो. ‘बाऊल’ला ‘बोल’. ‘वेडनेसडे’चा त्याने ‘वेन्सडे’ करून टाकला आहे आणि ‘व्हेजिटेबल’मधला एक अख्खा स्वर गिळला आहे. मराठी उच्चार स्पेलिंगशी प्रामाणिक आहे. दोष द्यायचा तर तो इंग्रजी स्पेलिंगला द्यावा लागेल, कारण त्याने पंधराव्या-सोळाव्या शतकातले ध्वनी कागदावर गोठवून ठेवले आणि बोलणारे पुढे निघून गेले. ‘क्लार्क’ म्हणणारा आजोबा आणि ‘प्लंबर’ म्हणणारा नातू यांच्यात फरक एवढाच आहे: एकाने शब्द ऐकला, दुसऱ्याने वाचला.

हैदराबादने या काळात इंग्रजीला एक धाडसी पर्यायही दिला होता. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात उच्च शिक्षणाचे माध्यम उर्दू होते. त्यासाठी १९१७ साली भाषांतर विभाग सुरू करून वैद्यक, अभियांत्रिकी, कायदा यांच्या परिभाषा उर्दूत घडवल्या गेल्या. तिथे मराठी हा विषयही शिकवला जाई. तेव्हाचा हैदराबादी मराठी पदवीधर विज्ञान उर्दूत, साहित्य मराठीत आणि इंग्रजी एक विषय म्हणून शिके. १९४८ नंतर विद्यापीठाचे माध्यम इंग्रजी झाले आणि प्राध्यापकांना रातोरात ज्या भाषेत शिकवावे लागले, ती त्यांनी बहुतांशी पुस्तकातूनच आत्मसात केली होती.

उलट दिशेचा प्रवासही तेवढाच बोलका आहे. इंग्रजांनी भारतीय नावे आपल्या लिपीत लिहिली आणि नंतर भारतीयांनी ती इंग्रजीतून परत वाचली. रेसिडेन्सीजवळच्या भागाचे नाव ‘कोठी’. रोमन लिपीत लिहिताना त्यातला ‘ह’ गळला आणि आज बाहेरून आलेला माणूस पाटी वाचून ‘कोटी’ म्हणतो. तेलुगू पाटीवर मात्र अजून ‘कोठि’च आहे. ‘दख्खन’ शब्दाचे तर याहून लांब भटकणे झाले. इंग्रजीत दन्त्य ‘द’ नाही, म्हणून त्यांनी आपल्या ‘ड’च्या अक्षराने तो लिहिला. तो परत वाचताना ‘डेक्कन’ झाला. पुण्यात १९०६ साली स्थापन झालेल्या डेक्कन जिमखान्याने तो शब्द मराठी पत्त्यांत कायमचा बसवला आणि निजाम सरकारचे १९३५ साली सुरू झालेले नभोवाणी केंद्रही ‘डेक्कन रेडिओ’च म्हणवले.

हैदराबादच्या मराठी घरांना यातून एक रोजचा प्रश्न आजही पडतो. दक्षिणेत ‘त’ लिहिताना रोमन अक्षरांत पुढे ‘ह’चे अक्षर जोडायची पद्धत आहे, कारण ‘ट’ वेगळा दाखवायचा असतो. महाराष्ट्रात तशी पद्धत नाही. मराठी आई मुलीचे नाव सुनीता ठेवते, शाळेचा तेलुगू लिपिक ते दक्षिणी रिवाजाने लिहितो आणि पुढे पुण्याच्या महाविद्यालयात गेल्यावर हजेरी घेणारा प्राध्यापक तिला ‘सुनीथा’ म्हणून हाक मारतो. दोन्ही माणसे आपापल्या रिवाजाने बरोबर वागलेली असतात.

ज्या देशाच्या उच्चाराला आपण प्रमाण मानतो, तिथली स्थितीही पाहायला हवी. ‘बस’ हा शब्द लंडनमध्ये आपल्याजवळच्या ‘अ’ने उच्चारतात. यॉर्कशर आणि लँकेशरमध्ये मात्र ‘बुस’च्या जवळ जातात. सतराव्या शतकात दक्षिण इंग्लंडने हा स्वर बदलला. उत्तरेने जुना स्वर राखला. ‘बाथ’, ‘ग्रास’ या शब्दांवरून इंग्लंडचे दोन तुकडे पडतात. १९२६ साली बीबीसीने कोणते शब्द कसे उच्चारावेत हे ठरवायला राजकवी रॉबर्ट ब्रिजेस यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली. पुढे जॉर्ज बर्नार्ड शॉ तिचे अध्यक्ष होते. खुद्द इंग्रजांना आपल्या उच्चारांसाठी समिती नेमावी लागली, हे मराठी पालकांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे. बस स्थानकावरचाच आणखी एक शब्द घ्या. गाड्यांच्या वेळापत्रकाला ब्रिटनमध्ये ‘शेड्यूल’ म्हणतात, अमेरिकेत ‘स्केड्यूल’. ‘रूट’चा अमेरिकेत अनेक ठिकाणी ‘राउट’ होतो, ‘डेपो’चा ‘डीपो’. दोन्ही देशांत गाड्या वेळेवर सुटतात.

या प्रश्नाचा शास्त्रीय विचार भारतात जिथे झाला ते ठिकाणही हैदराबादच आहे. १९५८ साली इथे सेंट्रल इन्स्टिट्यूट ऑफ इंग्लिश स्थापन झाली. कन्नड कवी वि. कृ. गोकाक तिचे संचालक होते. आज ती इंग्रजी आणि परदेशी भाषा विद्यापीठ म्हणून ओळखली जाते. या संस्थेतले ध्वनिशास्त्रज्ञ आर. के. बन्सल यांनी १९६९ साली भारतीय इंग्रजी इतरांना किती समजते यावर आपला अभ्यास प्रसिद्ध केला. ब्रिटिश श्रोत्यांना भारतीयांचे बोलणे सरासरी सुमारे ७० टक्के समजते, असे त्यात आढळले. अडचण कुठे येते हेही त्यांनी दाखवले. ‘ट’ कठोर आहे किंवा ‘र’ ऐकू येतो म्हणून फारसे अडत नाही. शब्दात आघात चुकीच्या जागी पडला की अडते. मराठीत अर्थ आघाताने बदलत नाही, म्हणून मराठी माणसाचे तिकडे लक्षच जात नाही. बन्सल आणि हॅरिसन यांनी १९७२ साली भारतीयांसाठी बोलण्याच्या इंग्रजीचे पाठ्यपुस्तक लिहिले. लंडनची नक्कल न करता सर्वांना समजेल असे भारतीय इंग्रजी हे त्यामागचे ध्येय होते. मराठी शाळांनी इतक्या वर्षांत हे ध्येय मनापासून स्वीकारले असते, तर कितीतरी मुलांचा बुजरेपणा वाचला असता.

त्याऐवजी दुसरेच झाले. १९९८ साली हैदराबादच्या पश्चिमेला हायटेक सिटी उभी राहिली. दूरध्वनीवरून परदेशी ग्राहकांशी बोलणारी कामे आली आणि त्यांच्याबरोबर ‘ॲक्सेंट’ घालवण्याचे वर्ग आले. पोटासाठी नवा उच्चार शिकण्यात काही वाईट नाही. जुन्या पिढीनेही साहेबाच्या नोकरीसाठी ‘क्लार्क’ शिकलाच होता. वाईट एवढेच झाले की नवा उच्चार शिकलेली मुले घरातल्या माणसांना सुधारू लागली. आजीच्या ‘ठेसन’ला, वडिलांच्या ‘प्लंबर’ला, शेजारच्या तेलुगू काकूंच्या ‘बस्सु’ला हसणे हे हुशारीचे लक्षण झाले. या हसण्यापुढे माणसे गप्प होतात आणि त्यांच्याबरोबर एक अख्खी नोंदवही मिटते.

गौलीगुड्याचे मुख्य स्थानक १९९४ साली मूसीकाठच्या इमलीबनला गेले. ५ जुलै २०१८ रोजी मिसिसिपी हँगर कोसळला. त्या छपराखाली चार भाषांची माणसे ज्या आवाजात तिकीट मागत होती, ते आवाज कोणी ध्वनिमुद्रित करून ठेवल्याचे ऐकिवात नाही. पण ते बोलणारी माणसे अजून आहेत. सुलतान बाजार, काचीगुडा, जांबाग इथल्या मराठी घरांत सत्तरी-ऐंशीची माणसे आहेत, नांदेड-उदगीरकडे आहेत. प्रत्येक घरात आता ध्वनिमुद्रण करणारा मोबाइल आहे. विवेक वर्धिनीसारख्या संस्थांनी, हैदराबादच्या मराठी मंडळांनी आणि मराठवाड्यातल्या महाविद्यालयांच्या भाषा विभागांनी या पिढीला बोलते करावे, बस, रेल्वे, इस्पितळ, कोर्ट यांच्या आठवणी त्यांच्याच उच्चारांत नोंदवून घ्याव्यात. आणि घरातल्या मुलांनी आजी ‘ठेसन’ म्हणाली की तिला दुरुस्त करू नये. तिने तो शब्द कुठे, कोणाकडून ऐकला, हे तिला विचारावे.